पेटीची सवय असलेले हात आणि पियानो: ऑनलाइन शिकवणीचा माझा अनुभव

चाळिशी-पन्नाशीत पियानोवर गाणी वाजवायची इच्छा झाली आणि गावात शिकवणारं कोणी नाही, अशांसाठी हे लिहितेय. खर्च किती, वेळ किती लागतो, कुठे अडतं, हे सगळं घडलं त्या क्रमाने सांगते.

मी साताऱ्याची. बँकेत नोकरी, वय सत्तेचाळीस. शाळेत असताना पेटी शिकले, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. मग दहावी, कॉलेज, लग्न यांत पेटी बंद पडली. तीच पुन्हा काढायची सोडून पियानो कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत गाणाऱ्याच्या मागे जे भरलेलं असतं, ते मला स्वतःच्या हातांनी वाजवून बघायचं होतं. चाल पेटीवरही वाजते. पण पेटीवर डावा हात भात्याला अडकलेला असतो, त्यामुळे चालीखालचा भराव राहूनच जातो.

मे २०२३ मध्ये लेकीचा जुना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड माळ्यावरून काढला आणि यूट्यूबवरचे फुकटचे धडे बघायला लागले. व्हिडिओचा वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो आणि सूर तोच राहतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि फार उपयोगी पडलं. उजव्या हाताने ओळखीच्या गाण्यांच्या चाली लगेच वाजायला लागल्या, कारण सरगम डोक्यात होतीच. घरचे खूश, मीही खूश. पण दोन्ही हात एकत्र करायची वेळ आली की मी थांबायचे आणि पुन्हा नुसती चाल वाजवत बसायचे. यूट्यूबवर धडे पुष्कळ आहेत, चांगले आहेत, पण तुमचा हात बघून ‘मनगट खाली जातंय’ असं सांगणारं तिथे कोणी नसतं.

ऑगस्टमध्ये शिकवणीचं एक ॲप घेतलं. सात दिवस फुकट, मग वर्षाचे साधारण साडेसहा हजार. पैसे भरताना जी कटकट होते ती आधीच माहीत असलेली बरी. ॲप परदेशी कंपनीचं असेल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बघा; नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंद असते आणि ती आपण बँकेच्या ॲपमधून सुरू करायची असते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची आधी नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. ही नोंदणी झाली नाही, तर दरमहाची वर्गणी मध्येच बंद पडते आणि दोष नेमका कोणाचा ते कोणीच सांगत नाही. मी प्ले स्टोअरमधून यूपीआयने भरले, तो सोपा मार्ग. आणि फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावी लागते. काउंटरवर या तक्रारी मी रोज ऐकते, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

ॲपने मला स्टाफ नोटेशन वाचायला शिकवलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पाच रेषांवरची टिंबं बघून बोट आपोआप पट्टीवर जाणं, ही सवय रोज वीस मिनिटं अशा खेळातून छान लागते. बोटांचे आकडेही तिथेच पक्के झाले. दोन्ही हातांत अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे पाच. सा पासून वरचा सा वाजवताना उजव्या हाताने १-२-३ झालं की अंगठा बोटांखालून सरकवून पुन्हा १-२-३-४-५. माझ्या पेटीच्या सवयीत करंगळीला कामच नव्हतं, त्यामुळे ती सुरुवातीला अक्षरशः हवेत राहायची. ॲपमधली गाणी मात्र जवळजवळ सगळी इंग्रजी. दोन महिने ती मन लावून वाजवली, आणि मग लक्षात आलं की ज्या गाण्यांसाठी हे सगळं मांडलं होतं, त्यांच्या मी अजून जवळही गेलेले नाही.

याच सुमारास कीबोर्डही अपुरा पडायला लागला. पट्टी हलकी दाबा की जोरात, आवाज एकच. खऱ्या पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज लहान-मोठा होतो, आणि पट्टीला वजन असतं. अकौस्टिक, म्हणजे तारांच्या खऱ्या पियानोचा विचारही केला नाही. पैसे, जागा, पुण्याहून ट्यूनर बोलावणं, यांतलं काहीच परवडलं नसतं. डिजिटल पियानो बघायचा तर दोनच गोष्टी पक्क्या धरा: ८८ पट्ट्या आणि वजनदार पट्ट्या. बाकी शेकडो आवाज, तयार ताल यांना भुलू नका. नवशिक्यांच्या यादीत यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११० आणि रोलँड एफपी-१० ही नावं हमखास येतात. मी एका रविवारी पुण्याला जाऊन तिन्हींवर बोटं ठेवून पाहिली. दुकानात वाजवायचा संकोच वाटतो, पण आपल्या ओळखीची एक चाल सगळ्या पियानोंवर वाजवून बघितली की हाताला काय बरं वाटतं ते लगेच समजतं. मी यामाहा घेतला. स्टँड, बैठक आणि पेडल धरून पन्नास हजारांच्या थोडं वर गेलं. दिवाळीचा बोनस त्यात गेला. माल यायला तीन आठवडे लागले. आल्यावर खोक्यावरच्या अनुक्रमांकाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीच्या नोंदणीला दोन्ही लागतात.

खोक्यासोबत येणारं चौकोनी बटणासारखं पेडल पायाखालून सरकत राहतं. पियानोच्या पेडलसारखं धातूचं पेडल हजार-दीड हजारात वेगळं मिळतं, ते घ्याच. ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो आणि तेवढ्यानेही लय बिघडते. वायरचा हेडफोन आणि जाड पिनेचा छोटा कन्व्हर्टर, एवढं पुरतं. रात्री हेडफोन लावून वाजवत असाल, तर आणखी एक सांगते: तुम्हाला संगीत ऐकू येतं, पण खालच्या मजल्यावर पट्ट्यांची ठकठक पोचते. आमच्या खालच्या काकूंनी सांगितल्यावर स्टँडखाली जाड रबरी मॅट आणि वर दुमडलेली सतरंजी घातली, मग प्रश्न मिटला.

आता शिक्षक. आमच्या बँकेच्या मडगाव शाखेतल्या एका सहकाऱ्याने तिथल्या एका सरांचा नंबर दिला. गोव्यात पाश्चात्त्य संगीत घराघरांत आहे. पोर्तुगीज काळातल्या पॅरिश, म्हणजे चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, ती परंपरा मोठी आहे. मी नोव्हेंबरमध्ये फोन केला. सर म्हणाले, “ताई, नाताळ होईपर्यंत चर्चच्या कॉयरमुळे मला श्वास घ्यायला वेळ नाही. राजे होऊ द्या, मग सुरू करू.” राजे म्हणजे ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, हे मला तेव्हा समजलं. आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचा एक तास, एका तासाची फी पाचशे रुपये, महिन्याची आगाऊ. तास चुकवायचा असेल तर आदल्या दिवशी कळवायचं.

ऑनलाइन तासाची मांडणी जमायला थोडे दिवस लागले. समोर लॅपटॉप, आणि हात वरून दिसावेत म्हणून स्टँडला लावलेला फोन, असे दोन्ही मीटिंगमध्ये जोडायचे. फोनचा माइक आणि आवाज पूर्ण बंद ठेवायचा, नाहीतर किंकाळीसारखा आवाज घुमतो. झूमला माणसाचं बोलणं समजतं आणि पियानोचे लांबलेले सूर गोंगाट वाटतात, म्हणून ते कापले जातात. त्यासाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करायचं. हे केल्यावर सर पहिल्यांदा म्हणाले, “हां, आता तुमचो पियानो ऐकू आलो.” इंटरनेटवरून दोघांनी एकत्र वाजवणं मात्र जमत नाही, आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून सर आधी वाजवतात, मी ऐकते, मग मी वाजवते. आठवडाभरातलं रेकॉर्डिंग मी त्यांना आदल्या रात्री पाठवते. त्याने तासातला निम्मा वेळ वाचतो.

पहिल्या तासाला मी म्हटलं, मला परीक्षा द्यायच्या नाहीत, गाणी वाजवायची आहेत. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या संस्थांच्या संगीत परीक्षा घरून व्हिडिओ पाठवूनही देता येतात, आणि ज्यांना ठरलेला अभ्यासक्रम आवडतो त्यांच्यासाठी त्या चांगल्याच आहेत. पण मी एकदा परीक्षांच्या मागे लागून पेटी सोडली होती. सरांनी लगेच मान्य केलं आणि म्हणाले, “मग आज फक्त काळ्या पट्ट्या.”

तो तास मी विसरणार नाही. सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या क्रमाने मोजायच्या; काळी एक, पांढरी चार हे हिशेब पेटीवाल्यांना पाठच असतात. काळी तीनला सा धरला की पाच काळ्या पट्ट्यांवर भूप राग वाजतो. त्याच पाच पट्ट्या काळी एकला सा मानून वाजवल्या की दुर्गा. काळी पाचला सा मानला की मालकंस. मूर्च्छना हा शब्द पेटीच्या क्लासमध्ये ऐकला होता, पण सा हलवला की राग बदलतो, हे माझ्या बोटांनी त्या दिवशी अनुभवलं. एकही पट्टी चुकायची शक्यता नाही, म्हणून हात घाबरत नाहीत. डाव्या हाताला काम एकच: सा आणि प एकत्र दाबून धरायचे. भूपाला काळी तीन आणि काळी एक, दुर्गाला काळी एक आणि काळी चार. मालकंसात पंचम नाही, तिथे सा आणि म. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात एका वेळी वाजले, आणि ऐकायला गोड वाटलं. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पट्ट्या. पांढरी दोनपासून काफी, पांढरी तीनपासून भैरवी, पांढरी चारपासून यमन. ज्यांना थोडीफार सरगम येते त्यांनी पियानोची सुरुवात अशीच करावी, असं माझं ठाम मत झालंय. कान जे आधीच ओळखतो त्याच्या आधाराने हात लवकर पुढे जातो.

मार्चपासून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे तीन सूर. सरांनी ती मला सरगमीतच लिहायला लावली. सा-ग-प, म-ध-सां, प-नि-रें, आणि उदास जागेसाठी ध-सां-गं. कॉर्डला मी घर म्हणते; या चार घरांत साध्या भावगीतांचा मोठा भाग बसतो. गाण्याची ओळ ज्या सुरावर थांबते तो सूर कोणत्या घरात आहे ते बघायचं आणि ते घर डाव्या हाताला द्यायचं. दोन घरांत असेल तर दोन्ही वाजवून कानाला विचारायचं. यमनात तीव्र मध्यम असल्यामुळे म-ध-सां हे घर वापरलं की गाण्याचा रंगच जातो, तिथे सा-प वर परत यावं लागतं. सर म्हणाले, हे काम मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी वर्षानुवर्षं केलं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर ती कागदावर उतरवून तिच्याभोवती व्हायोलिनं, चेलो रचायचे. मी लहानपणापासून जो भराव ऐकत आले, तो बराचसा या लोकांच्या हातचा. तेव्हापासून जुनी गाणी मी गाणारा सोडून ऐकते.

खरी लढाई डाव्या हाताशीच झाली. पहिलं पूर्ण गाणं दादऱ्यातलं भावगीत. डाव्या हाताला सहा मात्रांचं काम असं: करंगळीने खालचा सा, मग वर ग-प, पुन्हा ग-प, नंतर खालचा प, वर नि-रें, नि-रें. नुसता डावा हात झोपेतही वाजेल इतका झाला. उजवा जोडला की डावा उजव्याच्या मागे धावायचा. जिथे चालीत हरकत (सुरांची छोटी नक्षी) यायची तिथे डावाही हरकत घ्यायला बघायचा. एप्रिल-मे दोन्ही महिने त्यातच गेले. बंद करावं असं त्या दिवसांत पुष्कळदा वाटलं, आणि ते कोणाला सांगायचीही इच्छा नसायची. त्यावर सरांनी जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगत असते. उजवा हात मांडीवर ठेवायचा, डाव्याने ठेका धरायचा आणि गाणं तोंडाने गायचं. गळ्याला चाल येते, त्यामुळे मन मोकळं राहतं आणि डाव्याला स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय होते. गाऊन घट्ट झालं की गळ्याच्या जागी उजवा हात आणायचा, तोही पहिली ओळच. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर. चुकलं तर वेग वाढवायचा नाही, कमी करायचा. जूनच्या मध्यावर एका सकाळी मुखडा सलग वाजला, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून अंतरा गायला लागल्या. मला अंतरा येत नव्हता. मी मुखडाच पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि त्या गात राहिल्या.

पेटीवरून येणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर जिवंत असतो; पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मावळायला लागतो. भावगीतात चार-चार मात्रा लांबवलेला गंधार पियानोवर दोन मात्रांत विरतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही नाही. मी यावर शिकलेले उपाय: लांब सुराखाली डाव्या हाताने कॉर्ड एकदम न दाबता सुटी सुटी, सा-प-सां-गं अशी वाजवायची; मींडेच्या जागी आधीच्या सुराचा हलका कण घ्यायचा; आणि पेडल. पेडल कॉर्डसोबत दाबलं तर मागचा सूर अडकून राहतो. कॉर्ड वाजताना पाय वर, वाजल्यावर लगेच खाली. हात खाली जाताना पाय वर येतो, ही उलटी हालचाल पायाला समजायला पावसाळा उजाडला. सरगम भरभर वाजवताना पेडल अजिबात नको, सगळा चिखल होतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीत आरतीला पियानो वाजवला. घरातले लोक आरती काळी एकला सुरू करतील की पांढरी तीनला, ते आधी सांगता येत नाही. ‘ट्रान्सपोज’ची सोय तिथे देवासारखी धावून आली: मी पांढरी एकच्या बोटांनी वाजवायचं आणि सुराची उंची पियानोने बदलायची. एरवी सरावात मी ती वापरत नाही, काळ्या पट्ट्यांवर हात बसायला हवा. ऑक्टोबरात कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर तीन गाणी वाजवली. पियानो अकराएक किलोचा, दोघांनी सहज वर नेला. आतले छोटे स्पीकर उघड्यावर पुरत नाहीत, म्हणून हेडफोनच्या भोकातून वायर काढून कार्यक्रमाच्या मिक्सरला जोडली. ती जोडली की आतले स्पीकर बंद होतात आणि वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तेव्हा एक स्पीकर आपल्याकडे वळवून ठेवायला सांगा. पहिल्या गाण्याला हात थरथरत होते, दुसऱ्याला लोक गायला लागले आणि ते थांबलं.

सध्या तास पंधरा दिवसांतून एकदा, म्हणजे महिन्याचे हजार रुपये. ॲप बंद केलंय. पावसाळ्यात पियानोवर सुती कापड आणि वर कव्हर असतं, वीज चमकली की प्लग काढते. सराव सकाळी अर्धा तास, बँकेत जायच्या आधी. रात्री दमलेल्या हातांनी केलेला सराव माझ्या तरी अंगी लागत नाही. पुढचं गाणं भैरवीतलं आहे, आणि यावेळी सरांनी डावा हात पूर्ण माझ्यावर सोपवलाय. सा, कोमल ग, प हे एक घर सापडलं. कोमल रे, म, कोमल ध हे दुसरं, आणि मुखडा या दोनांवर बसला. अंतऱ्यात वरच्या षड्जाकडे जाताना तिसरं घर हवंय. गुरुवारच्या तासापर्यंत ते शोधायचंय.